अर्धलीने दिलेली दुर्बीण

माझ्या साडूने मला फसवलं. दुर्बीण माझी होती, पाणी धरणाचं होतं, पक्षी कोणाचेच नव्हते. तरीही माझ्या वाट्याचे रोहित पक्षी त्याने मला मिळू दिले नाहीत. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. त्यानंतर मी दोन विहिरी पाडल्या, एक टेम्पो जुना करून दुसरा घेतला, डोक्यावरचे केस घालवले. राग मात्र गेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

माझ्याविषयी थोडक्यात सांगतो. वडिलांची मेंढरं होती, ती गेली. मी पिंपळीहून सायकलला मेथीच्या जुड्या बांधून बारामतीच्या बाजारात जाऊ लागलो. मेथीवरून पेरूवर आलो, पेरूवरून डाळिंबावर, आणि मग टेम्पो घेतला. या सगळ्यात कोणी मला काही फुकट दिलं नाही आणि मीही कोणाचं फुकट घेतलं नाही. घासाघीस केल्याशिवाय मी चहासुद्धा पीत नाही.

दुर्बीणही अशीच मिळवली. इंदापूरला हायवेच्या कडेला एक उत्तरेकडचा ट्रक उभा होता. ड्रायव्हर टपावर बसून दुर्बिणीतून रस्ता बघत होता. त्याने तीन करंड्या डाळिंबं मागितली. मी एकीवर सुरुवात केली, दोनदा पाठ फिरवून निघालो आणि दोन करंड्यांत दुर्बीण घेऊन घरी आलो. घरी आल्यावर लक्षात आलं की पिंपळीत दुर्बिणीतून बघण्यासारखं काही नाही. चार दिवस मी लांबच्या विहिरीवरची मोटार बघितली. पाचव्या दिवशी शेजारीण तक्रार घेऊन आली, आणि दुर्बीण खुंटीला लागली.

खुंटीवर निजलेली वस्तू मला बघवत नाही. साडूने हे बरोबर ओळखलं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्याकाठी त्याचं रान आहे. खालची पट्टी धरणात गेली, वरची राहिली. थंडी पडली की त्या पाण्यावर कुठून कुठून पक्षी येतात आणि शिमग्यानंतर ऊन तापलं की निघून जातात.

"द्या की पाव्हणं," साडू खुंटीकडे बघत म्हणाला. "हितं लटकून काय करतीया ती?"

"फुकट न्हाय. अर्धलीनं न्या."

आमच्याकडे शेळी अर्धलीने देतात. शेळी मालकाची, चारा आणि राखण पाळणाऱ्याची, आणि करडं होतील ती निम्मी निम्मी.

"म्हंजी दुर्बीण व्यायली तर निम्मी पिल्लं तुमची?"

"पिल्लं नगं मला. हिच्यातनं जेवढी पाखरं दिसत्याल, त्यातली निम्मी माझी."

साडू हसला, आणि मग हसायचा थांबला. तो माझ्याइतकाच चिवट आहे. "पयलं पाखरू कुनाचं?"

"माझं. दुर्बीण माझी हाय."

"आन एखादं वर उरलं तर?"

"ते सामाईक."

आतून बायको म्हणाली, "शाणी मानसं हायत दोगंबी." आम्ही टॉवेलाखाली हात घालून, बोटं दाबून, गुरांच्या बाजारात करतात तसा सौदा पक्का केला. खरं सांगायचं तर त्या वेळी मी निम्मा थट्टेत होतो. साडू नव्हता. आठवड्यातून एकदा एसटीच्या कंडक्टरबरोबर त्याचा निरोप यायला लागला: तुमचे नऊ चक्रवाक, एक सामाईक. तुमचे अकरा करकोचे, सामाईक नाही. बाजारात गिऱ्हाईकाशी तोंड वाजवताना मधूनच मला आठवायचं की तिकडे पाण्यावर माझे नऊ चक्रवाक पोहतायत. बरं वाटायचं. ते मी नाकारत नाही.

त्याच थंडीत बायकोला दिवस गेले होते आणि महिने भरत होते. पहिलीच वेळ. डोहाळे साधे होते: कच्चे पेरू, चुलीतली भाजकी माती, एकदा रात्रभर भिजवलेले चणे. मी सगळं पुरवलं. माघात तिचं डोहाळजेवण झालं, त्याला थोरली बहीण आली आणि पंगतीत बसून तिने पाण्यावरच्या रोहितांचं वर्णन सुरू केलं. आम्ही त्यांना तांबडे बगळे म्हणायचो. लांब पाय, वाकडी चोच, आणि उडताना पंखांच्या खाली असा लाल रंग की बघतच राहावं. माझ्या बायकोने हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाली, "मला ते लाल बघायचंय."

पंगतीतून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. डोहाळा एकदा चारचौघींत बोलला की परत घेता येत नाही. तो पुरवला नाही तर होणाऱ्या लेकराचे कान फुटतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. बहीण मात्र निवांत भात कालवत होती.

मी आधी जवळपास मिळेल ते करून बघितलं. कॅलेंडरवरचं चित्र आणून दाखवलं. बायको म्हणाली, "मी जिलबी मागितली असती तर जिलबीचं चित्र आनलं असतं का?" मग एकाकडून दोन पांढरी बदकं मागून आणली आणि पंखांखाली गुलाल चोळून अंगणात सोडली. एक बदक माझ्या करंगळीला लोंबकळलं आणि दुसरं शेजारणीच्या वाळत घातलेल्या पापडांवरून लाल पावलं उमटवत गेलं. बायको उंबऱ्यात बसून पोट धरून हसली, पण डोहाळा काही उतरला नाही.

शेवटी साडूला निरोप धाडला. उत्तर आलं: आलेत. वाटणी केली आहे. लवकर या.

लवकर जाता आलं नाही, कारण सणसरच्या एका बागायतदाराशी माझा पेरूच्या बागेचा सौदा चालला होता आणि तो हट्टी निघाला. त्यात आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सकाळी टेम्पोत वाकळ अंथरून बायकोला बसवलं आणि निघालो. सणसरच्या अलीकडे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली. एका गाडीवाल्याने वाट द्यायची की मी मागे घ्यायचं, यावर आम्ही दोघंही खाली उतरलो. त्याचे बैल रवंथ करत होते. शेवटी बायको म्हणाली, "आवं, शिमगा हितंच करायचाय का?" आणि मी मागे घेतलं. आयुष्यात घेतलेली ती एकमेव माघार, आणि तीही अर्धा तास उशिरा.

पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. साडू काठावर गळ्यात माझी दुर्बीण अडकवून उभा होता. शेजारी तिथला म्हातारा मासेमार जाळं वाळत घालत होता. त्याला सगळे तात्या म्हणत. आणि समोर उथळ पाण्यात, चिखलात चोची घालून, चाळीसेक रोहित उभे होते.

"उशीर केला पाव्हणं," साडू म्हणाला.

"हायत की समोर."

"हायत. पर ही माझी हायत. तुमची पहाटं गेली."

मला आधी कळलंच नाही.

"रोज वाटणी करतोय," तो शांतपणे म्हणाला. "ह्या काठाला बसतीत ती माझी, त्या खडकापल्याड बसतीत ती तुमची. तुमची पहाटं उठून करमाळ्याच्या बाजूला गेली. इचारा तात्याला."

"गेली खरी," तात्या जाळ्यातून वर न बघता म्हणाला. "कुनाची ते मला ठावं न्हाय. पन गेली."

"माझी पाखरं परजिल्ह्यात जाईस्तवर तुमी काय करत हुता?"

"अर्धलीत राखण माझ्याकडं हाय, दावं कुठं हाय? आन आठ दिस तुमची वाट बगून ती कंटाळली."

बायको कमरेवर हात ठेवून उभी होती. "कुनाची का असंनात, मला बगू द्या."

"बग की," साडू म्हणाला. "बक्षीस दिली समदी. एकुलत्या मेव्हणीला एवढंबी देऊ न्हाय का?"

त्या एका शब्दाने माझं डोकं फिरलं. बक्षीस! माझ्या पहिल्या लेकराचा डोहाळा साडूच्या बक्षिसावर पुरवायचा. म्हणजे उद्या बारशाला तो सांगणार, हिचा डोहाळा मी पुरवला. लग्नाच्या मांडवात सांगणार. मी मेल्यावर दहाव्यालाही सांगणार. आणि डोहाळा नवऱ्याने पुरवायचा असतो; दुसऱ्याने दिलेला कानाला पोचतो की नाही, याची खात्री कोण देणार?

"बक्षीस नगं," मी म्हणालो. "बदली करा. ह्यातली निम्मी आत्ता मला द्या, पुढच्या सालची माझ्यातली घ्या."

"एकाला दोन घीन."

"काढा टॉवेल."

टॉवेल निघाला. आम्ही त्याखाली हात घातले. इकडे बायकोने साडूच्या छातीवरची दुर्बीण उचलून डोळ्यांना लावली. पट्टा त्याच्या गळ्यातच होता, त्यामुळे त्याची मान दावणीच्या बैलासारखी तिच्याकडे ओढलेली आणि हात माझ्या हातात. अशा अवस्थेतही तो एकाला दोनवरून खाली येईना.

"दिसली," बायको म्हणाली. "पर पांढरीच हायत की. लाल कुठंय?"

"उडाल्याबिगर लाल दिसत न्हाय," तात्या म्हणाला. "गुमान बगत ऱ्हा, पोरी. आत्ता उडत्याल."

"आगं थांब!" मी म्हणालो. "आजून ती त्यांचीच हायत. सौदा हुं दे."

ती थांबेना. मी मोकळा हात लांब करून दुर्बिणीवर ठेवला. दोन्ही भिंगं झाकायची होती, पण एकच झाकलं गेलं. टॉवेलाखाली साडूने दोनाला तीनची बोटं दाबली. मी त्याची बोटं परत मिटवली. त्याने कुठूनतरी सव्वापट काढली. मी एकाला एक दाबून धरलं आणि सोडलंच नाही. तो मान ओढून हैराण झालेला, शेवटी त्याचा हात सैल पडला.

"झालं!" मी ओरडलो आणि बाजारात मारतात तशी त्याच्या हातावर टाळी मारली.

माझा आवाज बारामतीच्या बाजारात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो. पाण्यावर तो त्याहून लांब गेला. चाळीसच्या चाळीस रोहित एकदम उठले. पाण्यावर धावत चार पावलं टाकून त्यांनी पंख उघडले, आणि खालून तो लाल रंग दिसला, ताज्या फोडलेल्या डाळिंबाचा. मी पाहिला. साडूने पाहिला. तात्यानेही जाळं सोडून पाहिला. माझी बायको माझ्याकडे बघत होती. हात काढा म्हणून सांगायला तिने नेमकी त्याच क्षणी मान वळवली होती. ती परत वळली तोवर करमाळ्याच्या बाजूला आभाळात एक बारीक रेघ राहिली होती.

परतताना सणसरला बायको म्हणाली, "डोहाळा निम्मा झाला म्हणायचा."

त्यानंतर मी तिला दोनदा घेऊन गेलो. पाणी होतं, चिखल होता, तात्या होता. रोहित नव्हते. वैशाखात आम्हाला मुलगी झाली.

पुढच्या थंडीत मी माझे वीस रोहित मागितले, कारण बदलीतले मला मिळालेच नव्हते. साडू म्हणाला, "टाळी आधी पडली, पाखरं मागनं उडाली. म्हंजी उडाली ती तुमचीच. आता ह्या सालची वीस माझी." तात्याला विचारलं तर तो म्हणाला, टाळी आणि उडणं एकदमच झालं. म्हणजे माझे आधीचे पहाटे गेले, बदलीत मिळालेले डोळ्यांदेखत गेले, आणि नवीन आलेल्यांतले वीस साडूचे झाले. दुर्बीण अजून त्याच्याकडेच आहे. शेळी मेल्यावर निदान अर्धली तरी मोडते.

मुलीचा उजवा कान उत्तम आहे. आम्ही दोघं तिसऱ्या खोलीत तिच्याविषयी बोललेलं तिला कळतं. डावा कान दर थंडीत वाहतो. बारामतीच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि कानात कोमट तेल घालू नका म्हणाले. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली: अर्धली, टॉवेल, करमाळा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि माझेही कान तपासले.

बायको म्हणते, माझा हात डाव्या भिंगावर होता. असेल. हात माझाच होता. पण तो तिथं ठेवायची वेळ माझ्यावर कोणी आणली? वाटणी कोणी केली? बक्षीस हा शब्द कोणी काढला? एकाला एक मान्य करायला एवढा वेळ कोणी लावला?

माझं आता पक्ष्यांवर काही म्हणणं नाही. दुर्बीणही त्याने ठेवून घ्यावी. पण साडूने एकदा पिंपळीला यावं, माझ्या मुलीला समोर बसवावं आणि तिच्या वाट्याचा लाल रंग कुठं गेला ते तिच्या डाव्या कानात सांगावं. मोठ्याने सांगावं, त्या कानाने तिला कमी ऐकू येतं.