भट्टीतला भोपळा

गेल्या थंडीत एका रविवारी सकाळी आई म्हणाली, "भाजलेला भोपळा खावासा वाटतोय," आणि मी हातातला चहा ओट्यावर ठेवून तिच्याकडे बघतच राहिले. बाबा गेल्यापासून तिनं तोंडानं काही मागितलं नव्हतं. वाढलेला वरणभात चिवडायची, "झालं माझं" म्हणायची आणि उठायची. शाळेत शिकवून येताना मी तिच्यासाठी काय काय घेऊन यायचे, पण कशाला हात लावेल तर शपथ. तिचे ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले होते. ही अशीच हळूहळू जेवण सोडून देणार, अशी धास्ती मी मनात घेऊन हिंडत होते. आणि आज ही बाई आपणहून भोपळा मागत होती. मला अक्षरशः नाचावंसं वाटलं.

भोपळे घरातच होते. मामानं पडघ्याच्या मळ्यातून भाजीच्या टेम्पोबरोबर दोन पाठवले होते, चांगले लालबुंद. ते बघूनच तिला माहेरचं अंगण आठवलं. थंडीत तिथं शेकोटी पेटायची, निखाऱ्यांत अख्खा भोपळा जायचा, आणि मग तो गरम गर, वर मीठ, ठेचलेली मिरची, लसूण. तांदळाच्या भाकरीबरोबर तोंडी लावायला एवढंच. "त्याच्यापुढे मटण झक मारतं," आई म्हणाली. हे बोलताना तिचा चेहराच वेगळा दिसत होता.

मी लगेच सुरी काढली. मला धीर कसला तो नाहीच. पण आईनं मनगट धरलं. "थांब. अख्ख्या भोपळ्याला बाईनं सुरी लावायची नसते."

ही आमच्या घरची जुनी रीत. भोपळा आला की आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, "अहो, सुरी लावा." बाबा पेपरची नीट घडी घालायचे, यायचे, एक चीर द्यायचे आणि परत खुर्चीत. तेवढ्यावर, आपण स्वयंपाकात मदत करतो, असं ते चारचौघांत सांगायचे. ते गेल्यापासून आम्ही बाजारातून कापलेली फोडच आणत होतो, हे तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

मी चिडलेच. "काहीतरीच काय आई? बरं, शेजारच्या काकांना बोलावते."

"नको," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा हात नको." तिचे डोळे भरून आले, तशी मी गप्प बसले. पण गप्प बसणं मला जमतं किती वेळ? एकदम डोक्यात आलं. शेकोटीत भोपळा अख्खाच जायचा ना? मग सुरीचा प्रश्नच कुठे येतो?

आता टेमघरला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात निखारे कुठून आणायचे? पण धामणकर नाक्याजवळ बेकरी होती. दिवाळीला आम्ही नानकटाईचे ट्रे तिथंच भाजून आणतो. दुपारी पाव निघाले की भट्टी बराच वेळ तापलेली असते. "चल," मी म्हटलं. आणि आई खरंच चप्पल घालून निघाली. किती दिवसांनी ती बिल्डिंगच्या बाहेर पडत होती. शेअर रिक्षात भोपळा माझ्या मांडीवर आणि ती माझा दंड धरून बसलेली. शेजारची बुरखेवाली बाई म्हणाली, "माशाल्ला, कितना बडा है." आईनं तिला रिक्षा थांबेपर्यंत भाकरी आणि मिरचीची सगळी कहाणी हिंदीत ऐकवली.

बेकरीवाले चाचा भोपळा बघून हसायलाच लागले. "टीचर, ये भी भट्टी में?" त्यांच्या भट्टीत आजवर भोपळा गेला नव्हता, त्यामुळे त्यांनाही मजा वाटत होती. लांब दांड्याच्या फळीवर ठेवून त्यांनी तो आत सरकवला. आम्ही बाकावर बसलो. हळूहळू गोडसर खरपूस वास सुटला. "हाच," आई म्हणाली, "अगदी हाच वास." मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटून घेत होते.

आणि आत धडाम.

दुकानातले सगळे दचकले. चाचांनी झाकण उघडलं. भट्टीच्या भिंतींना गर, छताला बिया, मधे अर्धं टरफल वाफाळत पडलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाचांची माफी मागावी की आईला सावरावं ते कळेना. वळून बघते तर आई तोंडाला पदर लावून हसत होती. मग पदरही सुटला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. चाचांनी कपाळाला हात लावला, पण तिच्याकडे बघून तेही हसू लागले. "माँजी खुश, तो भट्टी धो लेंगे," म्हणाले.

मी तिथूनच मामाला फोन लावून त्याच्यावर तोंड सोडलं. तो शांतपणे म्हणाला, "देठापाशी सळई न्हाय खुपसली? मग फुटंल न्हाय तर काय? आमचे बाबा शेकोटीत घालायच्या आधी खुपसायचे." शेकोटी बाहेर अंगणात, तिथलं काम पुरुषांचं. आईसमोर भोपळा यायचा तो भाजलेलाच. सळईचं तिला कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

घरी आल्यावर आईनं पदर खोचला, दुसरा भोपळा ओट्यावर घेतला आणि सुरी उचलली. मी दारात उभी. तिनं बाहेर बाबांच्या खुर्चीकडे बघितलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो, सुरी लावते हं."

मग ती थांबली. पेपरची घडी घालायला त्यांना जेवढा वेळ लागायचा, तेवढाच वेळ. नंतर दोन्ही हातांनी जोर लावून तिनं चीर दिली, आणि मला भोपळा धरायला बोलावलं.

जाड फोडी केल्या, तेल-मीठ लावलं, तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी काळे डाग पडेपर्यंत भाजल्या. वर मिरची-लसूण. मी भाकरी थापत होते, रडत होते आणि "आई, मिरचीचा ठसका लागला," म्हणत होते. ती जेवत होती. तिचं ताट रिकामं झालं तरी ती उठली नाही.

"भाकरी आहे का गं अजून?" तिनं विचारलं.