दुसऱ्या शनिवारी आई भेटायला येते

दुसऱ्या शनिवारी अकराच्या ठोक्याला आई माझ्या बारामतीच्या घराच्या दारात उभी राहते आणि मी घड्याळ बघते. लाज वाटते, तरी बघते. धाकटीला भेटायला कोर्टानं आईला महिन्यातून एकच तास दिलाय, तोही माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर. धाकटीला दाराबाहेर न्यायचं नाही आणि लग्नाचा विषय काढायचा नाही.

धाकटी माझी बहीण. वय बत्तीस, समज सहा वर्षांच्या पोरीची. आईनं गावाकडं, वरकुट्यात तिचं लग्न ठरवलं होतं, पन्नाशी ओलांडलेल्या बिजवराशी. 'माझ्या मागं हिला कोण बघणार?' हे तिचं पालुपद. मी बघणार म्हणून दहादा सांगितलं. 'तुला तुझं सासर हाय,' म्हणून ती मलाच गप्प करायची. मग माझं डोकं फिरलं आणि मी सरळ कोर्टात गेले. डॉक्टरांचा दाखला होताच. न्यायाधीशांनी धाकटीला विचारलं, लग्न म्हणजे काय गं? ती म्हणाली, 'हिरव्या बांगड्या.' निकाल तिथंच लागला म्हणा ना. मला तिची पालक नेमलं. भेट माझ्यासमोरच व्हावी, ही अट मात्र मीच हट्टानं वकिलांना घालायला लावली होती.

वाटलं होतं, आईला चांगली अद्दल घडेल. घडली ती मलाच. दोन वर्षं झाली, दुसऱ्या शनिवारी मला कुठं जाता येत नाही की आजारी पडता येत नाही. आई इंदापूरला गाडी बदलून येते, धाकटीच्या डोक्याला तेल चोळते, वेणी घालते, दोघी खुसुखुसू हसतात. मी समोर खुर्चीत, पोलिसासारखी. चहासुद्धा आधीच करून ठेवते. बरं, उठून जावं, तर आईचा भरवसा नाही. मागच्या दिवाळीत मी दूधवाल्याला दार उघडायला गेले, तेवढ्यात तिनं पिशवीतून नव्या स्थळाचा फोटो काढलाच होता. माझा संताप झाला. आई मात्र शांतपणे फोटो परत ठेवत बसली.

गेल्या शनिवारी बारा वाजले. 'झाला तास,' मी म्हणाले. धाकटी टीव्ही लावायला आत पळाली. आई चपला घालता घालता थांबली. निकालापासून ती माझ्याशी धड एक वाक्य बोललेली नव्हती.

'तिला भेटायला कोर्टानं तास तरी दिला,' ती म्हणाली. 'तुला भेटायचं झालं तर म्या कुठं अर्ज करू?'

मला तिच्या गळ्यात पडून रडायचं होतं. तोंडातून निघालं, 'एसटी चुकेल तुझी.' ती 'व्हय' म्हणाली आणि गेली.