आठवी रेष

घरात सगळ्यांत धाकटी, म्हणून तिला छोटी म्हणायचे. चाळिशी ओलांडली, कानशिलावर पांढरे केस आले, तरी ते नाव काही सुटलं नाही. छोटी जन्मापासून आंधळी. पण आकड्यांशी तिची अशी गट्टी जमली, की संख्याशास्त्र शिकून ती तळ्यांच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत लागली. संगणक तक्ते मोठ्यानं वाचायचा, ती ऐकायची, आणि इतरांनी कागद पुढ्यात ओढेपर्यंत तिचा हिशेब उरकलेला असायचा.

गाडी अडायची ती ग्राफपाशी. ग्राफ आला की संगणकाचा आवाज नुसतं "चित्र" म्हणायचा आणि गप्प. मग छोटी थोरल्या बहिणीला फोन लावायची. ताईचं शिवणाचं दुकान समोरच्याच गल्लीत होतं. हातातलं काम टाकून ती यायची आणि पडद्यासमोर बसून सांगायची.

"ही रेष बघ, आधी खांद्यासारखी सपाट, मग गळा कापल्यासारखी एकदम खाली."

"किती खाली, ताई?"

"चांगली खाली."

"अगं, आकडा सांग ना!"

"मेजरिंग टेप दुकानात राहिली, आता काय करू?"

दोघी हसायच्या. पण ताई गेली की छोटी बराच वेळ बोटांनी टेबलाची कड चाचपत बसायची. आपल्याच विषयातलं अर्धंअधिक दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं, हे तिला आतून लागायचं.

एकदा संस्थेचे प्रमुख तिच्याकडे आले. सगळे त्यांना काका म्हणत. जुना संगणक बिघडला तेव्हा तळ्यांच्या पातळीच्या जुन्या नोंदी त्याच्याबरोबरच गेल्या होत्या. उरली होती फक्त एका ग्राफची फाइल. "नव्या नोंदींशी ताडून बघायला जुने आकडे हवेत," काका म्हणाले. "चित्रावरून अंदाजे काढू. तुझ्या मदतीला कुणाला तरी बसवतो."

काका गेले. छोटीनं फाइल उघडली, पण चुकून उघडली ती स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना, लिहायच्या खिडकीत. आवाज "चित्र" म्हणालाच नाही. तो वाचायला लागला: रेष, रंग निळा, जाडी दोन, इथून सुरू, तिथून वळा, पुढे इतकं, खाली इतकं...

"अगं बाई!" छोटी एवढ्या मोठ्यानं म्हणाली, की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावलं.

ती व्हेक्टर फाइल होती. तिच्यात रंगाचे ठिपके भरलेले नव्हते. कुठली रेष कुठून कुठे न्यायची, ते अक्षरांत आणि आकड्यांत लिहून ठेवलेलं होतं. म्हणजे इतकी वर्षं जे तिला दिसत नाही म्हणून सगळे हळहळायचे, ते मुळात लिहिलेलंच होतं!

तिनं लगेच स्क्रिप्ट लिहायला घेतली. प्रत्येक रेषेतली ठिकाणं उचलायची, कडेच्या खुणांशी जुळवायची आणि पाण्याच्या पातळीचे आकडे करायचे. पहिल्या खेपेला निकाल आला तो भलताच. तळी उन्हाळ्यात तुडुंब आणि पावसाळ्यात कोरडी!

"आपली तळी उलट्या खोपडीची दिसतात," काका म्हणाले.

छोटी डोकं धरून बसली. मग ताडकन उठली. संगणक पान वरून खाली मोजतो, म्हणजे आकडा मोठा तितकी रेष खाली. तिनं एक वजाबाकी घातली आणि तळी सुतासारखी सरळ आली.

मग तिनं रेषा मोजल्या.

"काका, आठ आहेत."

"सात. ग्राफखाली नावं आठ तळ्यांची आहेत, पण काढणारा एक रेष विसरला. जुनीच चूक आहे ती. आणि माझे डोळे अजून शाबूत आहेत गं."

"असतील. पण आठवी सातवीच्या बरोबर पाठीमागे आहे. तंतोतंत. म्हणून दिसत नाही."

काकांनी खुर्ची ओढली. ती दोन तळी एका डोंगराच्या दोन बाजूंना होती. एकाचं पाणी चढलं की दुसऱ्याचं चढे, एकाचं उतरलं की दुसऱ्याचं उतरे, तेही तेवढंच.

"म्हणजे डोंगराखालून..."

"पाणी येत-जात असणार."

बैठकीत एक ज्येष्ठ संशोधक म्हणाले, "योगायोगही असेल."

"असेलही," छोटी शांतपणे म्हणाली. "एका तळ्यात रंग सोडून बघूया की."

पाण्यातल्या जिवांना बाधणार नाही असा हिरवा रंग अलीकडच्या तळ्यात सोडला. पलीकडच्या तळ्यावर नमुने घेणारा नावाडी रोज बाटल्या भरी आणि रोज एकच निरोप देई, "काही नाही, बाई." छोटीला जेवण गोड लागेना. आणि मग एका सकाळी फोन आला तो ओरडतच.

"बाई, हिरवं! बाटलीत हिरवं उतरलंय!"

छोटीनं काठी उचलली आणि थेट ताईचं दुकान गाठलं. ताईनं मशीन थांबवलं नि तिला अशी मिठी मारली, की गळ्यातली टेप दोघींभोवती गुंडाळली गेली.

नवा ग्राफ छोटीनं स्वतः काढला, स्क्रिप्ट लिहून. खालची रेष जाड आणि फिकट, वरची बारीक आणि गडद, म्हणजे कुणीच लपायला नको. प्रत्येक रेषेच्या पोटात तिनं शब्दांत माहिती घातली. ग्राफ डोळ्यांनी बघणाऱ्याला दिसेल, कानांनी वाचणाऱ्याला ऐकू येईल. तोच ग्राफ तिनं उठावाच्या कागदावर छापून घेतला आणि तर्जनी रेषेवर टेकवली. बोट चढलं, वळलं, उतरलं. ती पुन्हा सुरुवातीला आली. पुन्हा चढली.

परिषदेत ती बोलायला उभी राहिली, तेव्हा सभागृह भरलेलं होतं. तिनं न अडखळता सगळं सांगितलं. प्रश्नांच्या वेळी पहिला हात त्या ज्येष्ठांचाच वर गेला.

"माझी हार मला कबूल," ते हसत म्हणाले. "पण ती स्क्रिप्ट मला मिळेल का?"

"आजच पाठवते. बदल्यात तुमचे सगळे जुने ग्राफ द्या."

टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेचनात. त्यातच पहिल्या रांगेतून दोन बोटांची खणखणीत शिट्टी आली. ताईची शिट्टी छोटी हजारांत ओळखते. ती तिथेच, माइकसमोर, खळखळून हसली.

त्यानंतर ठिकठिकाणच्या संस्थांतून जुन्या ग्राफांच्या फाइली यायला लागल्या. हरवलेले म्हणून सोडून दिलेले आकडे छोटी एकेक करून परत आणते आहे, आणि काकांना तिच्यासाठी शेजारची खोली मोकळी करावी लागली आहे.