भिंतीवरचा बिबडा

वाफ देणाऱ्या स्टीमरमधून निघालेली पहिली साडी मी समोर पसरली. क्रीम कापडावरची लाल फुलं चक्क रडली होती. प्रत्येक पाकळीच्या कडेने गुलाबी ओघळ. दुसरी साडी तशीच. तिसरीही तशीच. चौथी उघडायची माझी हिंमत होईना.

"मास्टर, आ शूं छे?" मागून शेठचा आवाज आला.

सुरतेतल्या प्लेगच्या साथीनंतर दोन-तीन वर्षांनी घडलेली ही गोष्ट. सुरतेजवळ पलसाण्याला हायवेलगतच्या एका प्रोसेस हाउसमध्ये मी कलर मास्टर होतो. कोरं कापड आत येतं आणि छापून बाहेर जातं, त्या जागेला प्रोसेस हाउस म्हणतात. कलर मास्टर म्हणजे तिथला आचारी. रंगाची पेस्ट कशी शिजवायची, कशात काय किती घालायचं, हे तो ठरवतो. त्याआधी मी लॅबमध्ये होतो. मास्टर होऊन चारच महिने झाले होते आणि अंगात रुबाब चाळीस वर्षांचा होता.

काम असं चालायचं. लांबच लांब टेबलांवर कापड चिकटवायचं. वरून जाळीची फ्रेम ठेवून पट्टीने पेस्ट ओढायची. एका रंगाला एक जाळी. छापलेलं कापड उचलून वर दोऱ्यांवर सुकायला टाकायचं. सुकलं की घडी घालून ट्रॉलीत रचायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टीमरमध्ये वाफ द्यायची. वाफेत रंग धाग्यात मुरतो, मग तो धुतला तरी जात नाही.

पेस्टमध्ये युरिया पडतो. शेतात टाकतात तोच. आमची खानदेशी पोरं गोणी उतरवताना हसायची, "मास्टर, साड्यासले खत घाली राहिनात का?" युरिया ओल धरून ठेवतो. हवा कोरडी असली की पेस्ट जाळीतच वाळते, भोकं बुजतात आणि फुलाला मधेच टक्कल पडतं. तेव्हा युरिया वाढवायचा. हवा दमट असली की कमी करायचा. सगळी अक्कल एवढीच, आणि तीच मी गहाण टाकली.

माझी पहिली नोकरी खानदेशातल्या एका मिलमध्ये. तिथल्या मास्टरांचा शिरस्ता होता. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी ते थंडीची रेसिपी भिंतीवरून काढायचे आणि उन्हाळ्याची लावायचे. युरिया जवळजवळ दुप्पट. एकदा लावली की पावसाळ्यापर्यंत तिला हात लावायचा नाही. तिकडे ते बरोबरच होतं. आमच्याकडे शिवरात्र झाली की सकाळी शाल लागते आणि दुपारी वारा ओठ फोडतो. हवेत ओलीचं नाव नसतं.

त्या वर्षी शिवरात्रीला मी धुळ्याकडे गावी गेलो होतो. नवापूरमार्गे एसटीने परत येताना कपाळावर गावाकडचं ऊन घेऊनच आलो. आल्याआल्या भिंतीवर उन्हाळ्याची रेसिपी डकवली.

नशीब बघा, पहिले दोन दिवस सुरतेतही कोरडा वारा सुटला होता. आदल्या आठवड्यात जाळ्या बुजत होत्या, त्या धडाधड चालायला लागल्या. शेठने टेबलांपाशी येऊन माझी पाठ थोपटली. मी हवेत.

तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी नथ्थू आप्पा माझ्याकडे आले. आप्पा सुकवणी खात्याचे मुकादम. कापड कधी वाळलं आणि कधी उतरवायचं, हे त्यांनी ठरवायचं. मूळचे शिंदखेड्याकडचे, पण सुरतेत त्यांना वीस वर्षं झालेली, राहायला भेस्तानला. गालाला कापड लावून ते ओल ओळखायचे. घरी अहिराणी बोलायचे आणि माझ्याशीही तीच बोलायचे.

"मास्टर, वारा फिरना," आप्पा म्हणाले. "दर्याकडथून ई राहिना. युरिया कमी करा." म्हणजे वारा फिरला होता, आता समुद्राकडून येत होता.

"आप्पा, शिवरात्र झाली. आता कसली ओल?"

"मनी बायकोनी परवा बिबडा टाकात. काल कडक व्हतात. आज सकाळे वाकी राहिनात, मोडतस नही."

बिबडा म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा पापड. कडक वाळला की मोडतो, ओल लागली की नुसता वाकतो. या दिवसांत प्रत्येक खानदेशी घराच्या गच्चीवर वाळत पडलेला असतो. टेबलावरची दहा-बारा माणसं कान टवकारून ऐकत होती. चार महिन्यांचा मास्टर, त्याला मुकादम शिकवतो म्हणजे काय! मी मोठ्याने म्हणालो, "वा आप्पा! आता वहिनींचे बिबडे बघून मी रेसिपी लावू? उद्या कुरडया बघून रंग ठरवू का?"

सगळे खो खो हसले. आप्पाही जरासे हसले आणि वर दोऱ्यांकडे निघून गेले.

दुपारी त्यांनी नेहमीसारखं कापड गालाला लावून, वाळलेलं बघूनच उतरवलं आणि ट्रॉलीत रचलं. संध्याकाळी आकाश भरून आलं. फाल्गुनात ढग! समुद्रावरचा चिकट वारा आत शिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरातून निघताना माझा चष्मा धूसर झाला. मी तो पुसला आणि पुढे चालू लागलो. त्याचा अर्थ काही डोक्यात शिरला नाही.

आणि मग त्या रडक्या साड्या. शहाद्याच्या एका व्यापाऱ्याचा लग्नसराईचा माल.

शेठने साडी हातात घेतली, नाकाजवळ नेली, खाली टाकली. "गीला माल किसने उतारा?"

कापड ओलं उतरवलं तर रंग असाच पसरतो, हे शेठलाही ठाऊक होतं. साहजिकच सगळ्यांच्या नजरा आप्पांकडे गेल्या.

"शेठ, माल सूखा था," आप्पा म्हणाले. "मैंने गाल को लगा के देखा."

"सूखा था तो ये क्या है?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. कालचं सगळं ते बोलू शकले असते. टेबलावरचे साक्षीला होतेच. पण ते बोलले नाहीत. आणि मी? मी साडीच्या काठाकडे बघत उभा राहिलो. मला वाटलं होतं, खरंच वाटलं होतं, की कापड ओलंच उतरवलं असेल. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

"कल से मत आना," शेठ आप्पांना म्हणाले.

आप्पांनी खुंटीवरचा सदरा घातला, डबा घेतला आणि गेले. वय पन्नाशीच्या पुढे. पलसाण्याच्या रस्त्यावर बातमी चहाच्या टपरीवरून टपरीवर जाते. माल बिघडवला म्हणून काढलेल्या मुकादमाला दुसरं कुणी दारात उभं करणार नव्हतं. हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी जेवण जाईना. मग मी आधीच करायला हवं होतं ते केलं. एकाच कापडाचे दोन तुकडे घेतले. एकावर थंडीच्या रेसिपीने छापलं, दुसऱ्यावर उन्हाळ्याच्या. दोन्ही खडखडीत वाळवले, गालाला लावून पाहिले. मग दोन्ही घडी करून खिडकीशी त्याच दमट हवेत ठेवले. सकाळी उघडले, तर पहिला तुकडा कोरडा होता आणि दुसरा हाताला चिकटत होता. जादा युरियाने रात्रभर हवेतली ओल पिऊन घेतली होती. वाफ दिल्यावर पहिल्याचं फूल जागच्या जागी राहिलं, दुसऱ्याचं रडलं.

आप्पांनी वाळलेलाच माल उतरवला होता. तो मी ओला केला होता.

दोन्ही तुकडे घेऊन शेठच्या केबिनमध्ये गेलो. सगळं सांगितलं, बिबड्यासकट. नोकरी गेली, असं धरूनच चाललो होतो.

शेठने तुकडे उलटेपालटे करून पाहिले. मग म्हणाले, "मुझे क्या बताता है? टेबल पे सबके सामने हँसा था ना? वहीं जाके बोल. फिर उसको लेके आ."

टेबलावर जाऊन बोललो. फार बोललो नाही. चूक माझी होती, आप्पांनी आधी सांगितलं होतं, मी त्यांची चेष्टा केली, एवढंच. बोलताना कान तापले होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

मग भेस्तानला गेलो. आप्पांची बायको गच्चीवर होती. जुन्या लुगड्यावर बिबडे पसरलेले, ती एकेक उलटत होती. मला पाहून तिने पदर सावरला, पण बसा म्हणाली नाही.

"मास्टर, तुम्ही आमना गावकडलाच ना?" एवढंच म्हणाली.

त्या एका वाक्याने मी मेल्याहून मेलो. शेठ परका, त्याला काय कळणार. पण मी तर आपल्या माणसाला ओळखायला हवं होतं.

आप्पा वर आले. मी हात जोडले. "आप्पा, चुकलं माझं. टेबलावर सगळ्यांसमोर सांगून आलोय. चला."

त्यांनी खाली बसून एक बिबडा उचलला, दोन बोटांत धरून वाकवला. तो वाकला, मोडला नाही.

"आज बी ओल शे," ते म्हणाले. "थंडीनी रेसिपी लावात का?"

"सकाळीच लावली."

"मंग उद्या येस."

आप्पा आले. येताना कागदात गुंडाळून एक बिबडा घेऊन आले आणि कलर किचनच्या, म्हणजे पेस्ट शिजवायच्या खोलीच्या, भिंतीवर, जिथे मी माझी रेसिपी डकवली होती, तिथेच एका खिळ्याला सुतळीने टांगला. रोज सकाळी त्याचा एक तुकडा मोडून बघायचे. टचकन मोडला तर युरिया वाढवायचा. वाकला तर कमी. संपला की नवा टांगायचे. त्या फाल्गुनात होळीपर्यंत आम्ही पाच वेळा रेसिपी बदलली. सकाळची वेगळी, दुपारची वेगळी, असंही दोनदा झालं. पुढे शेठने हवेतली ओल मोजायचं मीटर आणलं. ते बिबड्याच्या शेजारीच लागलं, आणि दोघांचं सहसा जमायचं.

साडी पुन्हा रडली नाही. शहाद्याचा व्यापारीही टिकला. मला मात्र एक गोष्ट परत मिळाली नाही. आप्पा त्यानंतर नऊ वर्षं माझ्याबरोबर होते. रोज बिबडा मोडायचे, तुकडा माझ्या टेबलावर ठेवायचे आणि न बोलता दोऱ्यांकडे निघून जायचे. पुन्हा कधी "मास्टर, वारा फिरना" असं सांगायला आले नाहीत.

नवीन मास्टर येतात, तेव्हा विचारतात, सुरतेतला फाल्गुन कसा सांभाळायचा? मी म्हणतो, कॅलेंडर बघू नका, हवा बघा. आणि कुणी हवेबद्दल सांगायला आलं, तर हातातलं काम ठेवून ऐका. तो रोज येईलच असं नाही.