गोरिलाच्या पिलाची दृष्ट

भुसावळच्या फलाटावर, नाना, तू धाकटा भाऊ असून सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणालास, "आबा, आपल्या सातपुड्यातली माकडं सरली का, म्हणून रवांड्याले चालले तुम्ही?" सगळे हसले. मी चिडलो. आता ऐक!

आपला प्रकाश इथं जंगलाजवळच्या हॉटेलात स्वयंपाक करतो. गोरिला पाहायला जगभरची माणसं येतात. त्यानं मागं आईला पिलाचा व्हिडिओ पाठवला होता. तुझी वहिनी तो रोज पाही. "माय व, कसं मानसावानी बसेल आहे! मले नेऊन दाखवा ना." दोघांचं ठरलं, पासपोर्ट आले आणि ती देवाघरी गेली. मग मी एकटा आलो. तिचं पाहणं राहिलं होतं.

इथं नुसते डोंगर, आणि डोंगरावर केळी! ठिबक नाही, नळी नाही. बुंध्याशी पाच-पाच फुटवे वाढलेले, कोणी कापत नाही. ही काय शेती, म्हटलं. प्रकाश म्हणाला, "आबा, शेती पाहाले आले का गोरिला?"

प्रकाश सोबत होता. चढ असा, की गुडघे बोंबलले. गाईडबाईनं खुणेनं विचारलं, परत फिरायचं? मी काठी आपटली अन् पुढं निघालो.

आणि बांबूत तो! पाठ पांढरी, अंगानं आपल्या बैलासारखा. बाजूला मादी, तिच्या पोटाशी पिलू. पिलानं छाती बडवली, तोल जाऊन पडलं, आईनं पाय धरून ओढलं. आपला आजार त्यांना लागू नये म्हणून बांधायला लावलेल्या मास्कच्या आत मी हसतोय, रडतोय. हलायचं नाही अशी सक्त ताकीद होती. पण हात ऐकतात का? कुणाचंही बाळ दिसलं की तुझी वहिनी करायची, तसेच मी दुरून हात ओवाळले आणि कानशिलावर बोटं मोडली. कडाकड! मोठा गोरिला वळला. बाईनं माझी मान दाबून मला खाली बसवलं. त्यानं निरखून पाहिलं, मग पुन्हा पाला खाऊ लागला.

उतरताना, "पाहिलं का गं?" म्हणत मागं वळलो. मागं प्रकाश. त्यानं माझा हात धरला.

तो म्हणतो, इथंच राहा. पोरगं गुणाचं आहे, वांग्याचं भरीतही झकास करतं. पण पाहिलेलं सांगायला इथं आपला ओटा नाही. मी येतो, नाना. सगळ्यांना जमव. पिलू कसं पडलं ते मी पडून दाखवीन. फक्त खांबाजवळची तिची जागा मोकळी ठेव. मला तिकडं तोंड करून सांगायचं आहे.