पद्माक्काचं बाहेर पडायचं बटण

महादेवआण्णांचा फोन आला तेव्हा मी टिळकवाडीतल्या आमच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते. "पद्मी गेली गं," एवढंच म्हणाले आणि हमसून हमसून रडायला लागले. पद्मा त्यांची धाकटी बहीण, आमच्या ऑफिसची पद्माक्का. काविळीनं गेली. मला आधी रडू आलंच नाही, संताप आला. नवऱ्याच्या लाथा, पट्टा, वरवंटा, सगळं खाऊन उभी राहिलेली बाई, आणि तिला न्यायला कावीळ? त्या मेल्या देवाला दुसरं काही सुचलं नाही?

आम्ही वेबसाइटी बनवतो. आक्काला दिसत नव्हतं, म्हणून आमची साइट आंधळ्या माणसाला वापरता येते का, हे तपासायचं काम तिचं. पडद्यावरचं सगळं कॉम्प्युटर तिला वाचून दाखवायचा, तेही इतक्या वेगानं की आम्हाला नुसती कचकच ऐकू यायची. एखाद्या चित्राला नाव दिलेलं नसलं, एखाद्या बटणापर्यंत पोचताच आलं नाही, की टेबलावर मूठ आदळायची. "ह्ये कुणाचं पाप हाय?" ज्याचं पाप असेल त्यानं उठून जायचं आणि शिव्या खायच्या. त्या शिव्या काही संपादक छापणार नाहीत... तिची नजर जन्मापासून गेलेली नव्हती. निपाणीला दिली होती. नवऱ्यानं डोकं धरून भिंतीवर आपटलं, एकदा नव्हे, कितीदा तरी, आणि डोळे गेले. हे ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगायची.

गेल्या वर्षी एका संस्थेचं काम आलं. घरात मार खाणाऱ्या बायकांना फोनवरून गुपचूप तक्रार करता यावी, अशी साइट. आमच्या किरणनं, दोन लेकरांचा बाप, गरीब गाय, त्यात एक लाल बटण ठेवलं होतं: 'लगेच बाहेर पडा'. नवरा खोलीत आला की दाबायचं, तक्रार पडद्यामागं जपलेली, पडद्यावर हवामानाची बातमी. आम्ही टाळ्या वाजवल्या. आंधळ्या बायकांना कळावं म्हणून त्यानं वेगळी सोयसुद्धा केली होती. आक्कानं फोन घेऊन बटण दाबलं आणि फोनमधली बाई गोड, खणखणीत आवाजात म्हणाली, "आपण हिंसाचार तक्रार पानावरून सुखरूप बाहेर पडला आहात."

"चांगलं झालंय न्हवं, आक्का?" किरणनं विचारलं. आक्का उठली, आवाजाच्या रोखानं गेली आणि त्याच्या कानफटात अशी वाजवली की चष्मा उडून प्रिंटरखाली गेला.

"जीव घेतलास की रं तिचा! शेजारी नवरा हुबा असंल, त्याला कान न्हाईत व्हय?"

मी तिला धरायला गेले तर मलाही ढकललं. मग खाली फरशीवरच बसली आणि पहिल्यांदा सगळं बोलली. डोळे गेल्यावरही ती नवऱ्याच्याच घरी होती. आण्णांनी तिला चोरून एक फोन दिला होता, पडद्यावरचं बोलून दाखवणारा. एके दुपारी तिनं लिहिलं, 'आण्णा, मला घेऊन जा, ह्यो मला मारून टाकणार.' नीट गेलंय का बघायला पुन्हा बोट फिरवलं, तर फोननं अख्खं वाक्य मोठ्यानं वाचलं. नवरा दारातच होता. "वरवंटा उचलल्याला मला कळलं गं," आक्का म्हणाली. "आधी फोन फोडला, मग माझं कोपर. हाडाचाच आवाज मोठा आला." निरोप तेवढा पोचला होता, म्हणून आण्णा जीप घेऊन धावले. केस अजून चालूच आहे. ते बेणं जामिनावर हिंडतंय, आणि आक्का मात्र गेली.

उद्घाटन तोंडावर आलं होतं. संस्थेच्या बाई फोनवर म्हणाल्या, पत्रिका छापून झाल्यात, आता असंच राहू द्या, नंतर सुधारू, अशा आंधळ्या बायका असून असून किती असणार?

"एक तरी हाय, ती मी!" आक्का किंचाळली. "पत्रिका छापल्यात म्हणता? मग तिच्या मयताच्या बी छापून ठेवा."

उद्घाटन पुढं गेलं. आक्कानं पानाचं सगळं बोलणंच बदलून घेतलं. पानाचं नाव 'घरच्या पाककृती'. उघडल्या उघडल्या फोन म्हणणार, पाककृती ऐकायला इयरफोन लावा. बाहेर पडायच्या बटणाचं नाव 'पुढची पाककृती', आणि ते दाबलं की फोन खरोखरच पाककृती वाचायला लागणार. संस्थेच्या कार्यकर्त्या तक्रार करणाऱ्या बायकांना हे आधीच समजावून सांगणार. "कुठली घालू?" किरणनं गाल चोळत विचारलं. आक्कानं मिरचीचा खर्डा सांगितला, त्यानं तिच्याच शब्दांत तो घातला.

तिचं तेरावं करून कामावर गेले आणि साइट उघडली. तक्रारदाराचं नावगाव आम्हाला दिसत नाही, दिसूही नये; दिसतो तो नुसता तक्रारीचा नंबर. एवढंच दिसलं की कुणीतरी बाई अर्ध्यावर आली होती आणि तिनं 'पुढची पाककृती' दाबलं होतं. म्हणजे खोलीत कुणीतरी आलं होतं. तिनं काय ऐकलं असेल ते ऐकावं म्हणून मीही ते बटण दाबलं. 'हिरव्या मिरच्या तव्यावर चांगल्या भाजायच्या. लसूण, मीठ. आता ठेचायचं. हळू न्हाय, हात दुखेपर्यंत ठेचायचं.' किरण शेजारी येऊन उभा राहिला. मी ढसाढसा रडले, तोही रडला.

संध्याकाळी ऑफिसला कुलूप लावायच्या आधी पुन्हा पाहिलं. तोच नंबर, ती बाई परत आली होती. उरलेली तक्रार पुरी लिहून तिनं पाठवली होती.