दुसरा फटका

"भीती संपली की हक्क संपला," असं म्हणून वकीलकाका काठी जमिनीवर टेकवायचे. म्हणजे वाद मिटला.

ते पुण्याचे निवृत्त फौजदारी वकील. नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावी आमच्या शेजारी लेकीकडे आले आणि करोनात विमानं बंद झाल्यामुळे अडकले. संध्याकाळी आम्ही काही मराठी मंडळी कालव्याकाठी अंतर राखून उभी राहायचो. कुणीतरी त्यांना मुद्दाम डिवचायचा, "काका, घरात चोर शिरला तर त्याचा जीव घ्यायची मुभा आहे का हो?"

"जीवावर बेतलं तर जीव वाचवण्यापुरतं मारा. तो पडला की थांबा. पुढचा फटका गुन्हा, तिकडेही आणि इकडेही."

आम्ही हसायचो. पण खरं सांगतो, आम्हा सगळ्यांना त्या माणसाचा लळा लागला होता.

त्या दुपारी लेक वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होती. इथले शेजारी सरळ मागच्या दारानं घरात येतात, हे आम्हा इथल्यांना सवयीचं. काकांना ठाऊक नव्हतं. पलीकडचे डच आजोबा कुरिअरवाल्यानं त्यांच्याकडे ठेवलेलं लेकीचं पार्सल द्यायला तसेच आत आले. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क. डुलकीतून जाग्या झालेल्या काकांना स्वयंपाकघरात परका माणूस दिसला.

आरडाओरडा ऐकून मी धावलो. आजोबा फरशीवर पडले होते, डोक्यातून रक्त वाहत होतं. शेजारी काका काठी धरून उभे. काका? आमचे काका?

अँब्युलन्स आजोबांना घेऊन गेली. ते वाचतील का, कुणालाच माहीत नव्हतं. पोलिसांनी विचारायला सुरुवात केली तशी लेक घाईनं म्हणाली, "ते घाबरले हो. चोर समजून मारलं."

"पहिला फटका घाबरून मारला," काका स्पष्ट इंग्रजीत म्हणाले. "ते पडले. मग दुसरा मारला. तो रागानं."

"बाबा, गप्प बसा ना!" ती मराठीत ओरडली. "कुणी पाहिलंय?"

"मी होतो ना तिथे," काका म्हणाले.

स्वतःच्या हातानं स्वतःला असं अडकवणारा माणूस मी पाहिला नव्हता.

आजोबा वाचले. काकांनी कोर्टातही दुसऱ्या फटक्यावर पांघरूण घालू दिलं नाही. शिक्षा भोगून ते पुण्याला परतले आणि पुन्हा कधी आले नाहीत.

आजोबा अजूनही पार्सल आणून देतात. पण आता वळसा घालून पुढच्या दाराशी येतात, बेल वाजवतात आणि दोन पावलं मागे सरकतात. मग टोपी काढून, चेहरा नीट दिसेल असे उभे राहतात.